हार्डवेअर खरेदीला मंजुरी देणाऱ्या समितीस खुले पत्र

आदरणीय समिती सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

नवे सर्व्हर, डिस्क, रॅम किंवा स्विच घेण्याचा प्रस्ताव तुमच्यासमोर येतो तेव्हा त्याला बहुधा दोन कागद जोडलेले असतात. एक मालमत्ता नोंदवहीचा उतारा आणि दुसरा देखरेख प्रणालीतून काढलेला वापराचा आलेख. आपल्याकडे काय आहे ते नोंदवही सांगते, त्यातले किती वापरात आहे ते आलेख सांगतो. पण नोंदवहीतली कोणती ओळ आलेखातल्या कोणत्या रेषेची, हे दोन्हींपैकी एकाही कागदावर नसते. सर्व्हर, साठवण आणि नेटवर्क सांभाळणारे आम्ही तंत्रज्ञ तुमच्याकडे एकच गोष्ट मागतो आहोत. ही जोड दाखवल्याशिवाय क्षमता वाढवण्याचा कोणताही प्रस्ताव मंजूर करू नका, मग तो आमचा का असेना. आणि ही जोड लावण्याचे व रोज टिकवण्याचे काम कुणाच्या तरी जबाबदारीत लेखी बसवा.

नोंदवही बिलावरून भरली जाते, अडचण तिथूनच सुरू होते. बिलावर 'सर्व्हर, १ नग' असते, म्हणून नोंदवहीतही तेवढेच येते. वर्षभराने घेतलेली रॅम वेगळ्या पानावर जाते आणि ती कोणत्या सर्व्हरमध्ये बसली हे बसवणाऱ्याच्याच डोक्यात राहते. वॉरंटीत डिस्क बदलून आली की जुना सिरियल नंबर नोंदवहीत राहतो आणि नवा रॅकमध्ये (सर्व्हर बसवायच्या उभ्या चौकटीत) फिरत असतो.

याने नेमके काय बिघडते ते एका सर्व्हरवरून पाहा. दोन प्रोसेसर, प्रत्येकाला मेमरीचे ६ चॅनल (मेमरीकडे जाणारे मार्ग) आणि प्रत्येक चॅनलवर २ स्लॉट, म्हणजे एकूण २४ स्लॉट. त्यात रॅमच्या १६ जीबीच्या २४ पट्ट्या लावल्या तरी ३८४ जीबी होतात आणि ३२ जीबीच्या १२ पट्ट्या लावल्या तरी ३८४ जीबीच होतात. नोंदवहीत दोन्ही सर्व्हर सारखे, आलेखातही सारखे. मात्र दुसऱ्यात १२ स्लॉट मोकळे आहेत. तशाच आणखी १२ पट्ट्या घेतल्या की त्याचे ७६८ जीबी होतात. पहिल्यात एकही स्लॉट मोकळा नाही. त्याची मेमरी वाढवायची तर चांगल्या चालणाऱ्या पट्ट्या काढून कपाटात ठेवाव्या लागतात आणि सगळा संच नवा घ्यावा लागतो. दुसरा प्रोसेसर बसवलेलाच नसेल तर त्याच्या वाटचे १२ स्लॉट आणि काही पीसीआय एक्सप्रेस स्लॉट (नेटवर्क वगैरे कार्डे बसवायच्या जागा) मुळात चालतच नाहीत. डोळ्यांना ते मोकळे दिसतात, एवढेच. शिवाय आरडीआयएमएम आणि एलआरडीआयएमएम या दोन जातींच्या पट्ट्या एका सर्व्हरमध्ये चालत नाहीत, आणि वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या मिसळल्या तर सगळ्याच सर्वांत हळू पट्टीच्या वेगाने चालतात. 'रॅम ३८४ जीबी' हा रकाना खरेदीच्या निर्णयासाठी म्हणूनच पुरेसा नाही. प्रत्येक स्लॉटची वेगळी ओळ हवी: स्लॉटचे नाव, पट्टीचा आकार, जात, वेग, भाग क्रमांक, सिरियल नंबर, किंवा 'रिकामा'.

ही माहिती हाताने भरायची गरज नाही. लिनक्सवर डीएमआयडीकोड या आज्ञेकडून १७ क्रमांकाचा तक्ता मागितला की रिकाम्या स्लॉटसह सगळे स्लॉट मिळतात. विंडोजवर विन३२_फिजिकलमेमरी हा वर्ग फक्त भरलेले स्लॉट दाखवतो. एकूण स्लॉट किती ते विन३२_फिजिकलमेमरीअ‍ॅरेमधून वेगळे काढावे लागते. हे न केल्याने विंडोज सर्व्हरांच्या यादीत मोकळे स्लॉट कधीच दिसत नाहीत आणि पट्ट्या घेऊन भागले असते तिथे नवा सर्व्हर मागितला जातो.

नोंदवही आणि देखरेख यांत समान असायला हवा तो यंत्राचा सिरियल नंबर. तो बिलावरून टंकू नये, यंत्रातूनच वाचावा. तरीही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. सुट्या भागांतून जुळवलेल्या यंत्रांत सिरियल नंबरच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओईएम' (निर्मात्याने भरावे) असा कारखान्यातला भरतीचा मजकूर तसाच राहून गेलेला असतो. अशी चाळीस यंत्रे असली तर नोंद प्रणाली त्यांना एकच यंत्र समजते आणि प्रत्येक नवी नोंद आधीची पुसून टाकते. मदरबोर्ड बदलताना जुना नंबर नव्या बोर्डात लिहिला गेला नाही तर तेच यंत्र नवे म्हणून यादीत येते आणि जुने बेपत्ता ठरते. ब्लेड सर्व्हरमध्ये (एकाच पेटीत, म्हणजे चॅसीत, अनेक पातळ सर्व्हर बसतात) चॅसीचा नंबर वेगळा आणि ब्लेडचा वेगळा असतो. दोन्ही नोंदले नाहीत तर सोळा ब्लेडचे एक यंत्र होते. यूयूआयडी (यंत्रात लिहिलेला लांबलचक ओळख क्रमांक) वापरायचा म्हटले तर त्याचे पहिले तीन भाग काही साधने उलट्या बाइट-क्रमाने दाखवतात, त्यामुळे एकच सर्व्हर दोन साधनांत दोन सर्व्हर वाटतो. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डात कोरलेला क्रमांक) तर ओळख म्हणून मुळीच वापरू नये. कार्ड एका यंत्रातून दुसऱ्यात जाते, आणि लॅपटॉपच्या डॉकचा (टेबलावरच्या जोडणी-पेटीचा) पत्ता त्या दिवशी जो लॅपटॉप जोडला असेल त्याच्या नावावर लागतो.

आमची शिफारस अशी आहे: यंत्राचा सिरियल नंबर (ब्लेडच्या बाबतीत चॅसी आणि ब्लेड दोन्हींचा) आणि आपण चिकटवलेला मालमत्ता क्रमांक, दोन्ही ठेवावेत, आणि मालमत्ता क्रमांक बायॉसमधल्या (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधल्या) ॲसेट टॅगच्या रकान्यातही लिहावा. मग लेबल निघून पडले तरी यंत्राला विचारता येते, आणि यंत्र सुरू होत नसले तरी लेबल वाचता येते.

यंत्रावर बसवलेला एजंट (माहिती कळवणारा छोटा प्रोग्राम) फक्त चालू यंत्रांची खबर देतो. बंद करून ठेवलेले, ऑपरेटिंग सिस्टीम न टाकलेले, खोक्यातच पडून असलेले यंत्र त्याला दिसत नाही, आणि क्षमतेच्या हिशेबात पहिली चौकशी त्यांचीच व्हायला हवी. सर्व्हरच्या बीएमसीला (सर्व्हरवर दुरून लक्ष ठेवणाऱ्या त्यातल्याच वेगळ्या चिपला) वीज मिळत असेल तर यंत्र बंद असतानाही आयपीएमआय किंवा रेडफिश या तिच्याशी बोलण्याच्या भाषांतून सिरियल नंबर, मॉडेल आणि पॉवर सप्लायची स्थिती वाचता येते; मेमरीची माहिती मात्र बहुधा शेवटच्या बूटच्या (यंत्र सुरू होण्याच्या) वेळची असते. आयपीएमआय १९९८ पासून आहे, रेडफिश २०१५ पासून. म्हणजे आज वापरात असलेल्या जवळजवळ प्रत्येक रॅक सर्व्हरशी यांपैकी एका भाषेत तरी बोलता येते. खोक्यातल्या मालाला मात्र मोजणारा माणूसच लागतो. त्याची घाई यासाठी की वॉरंटी सहसा माल पाठवल्याच्या तारखेपासून मोजली जाते, रॅकमध्ये बसवल्याच्या नव्हे.

आभासी यंत्रांची (एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकांची) चूक याच्या उलट असते. एजंट त्यांच्या आतही चालतो आणि त्यांना यंत्र म्हणूनच कळवतो. वीस आभासी यंत्रे आणि त्यांना पोसणारा एक सर्व्हर मिळून एकवीस 'सर्व्हर' होतात, आणि एकाच रॅमची दोनदा बेरीज होते. निर्मात्याच्या रकान्यावरून ती ओळखता येतात. ती वेगळ्या कोष्टकात, आपण कोणत्या प्रत्यक्ष सर्व्हरवर चालतो त्या दुव्यासह ठेवावीत.

आता या सगळ्या कामातली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. 'काय असायला हवे' आणि 'काय आढळले' हे दोन वेगळे रकाने ठेवा. रोजच्या तपासणीने दुसरा रकाना बदलावा. पहिला फक्त माणसाने, कारण लिहून बदलावा. बरीच साधने सोयीसाठी आढळलेली माहिती थेट मूळ नोंदीवर चढवतात. मग होते असे: बूटच्या वेळी एक ३२ जीबीची पट्टी तपासणीत नापास होते, सर्व्हर तिला बाजूला ठेवून ३५२ जीबीवर सुरू होतो, तपासणी येते आणि नोंद निमूटपणे ३५२ करून जाते. पट्टी वॉरंटीत होती, फुकट बदलून मिळाली असती. तीन महिन्यांनी मेमरी कमी पडते म्हणून प्रस्ताव तुमच्याकडे येतो. दोन रकाने असते तर दुसऱ्याच दिवशी फरक दिसला असता. पट्टी चोरीला गेली तरी हाच प्रकार घडतो. यासाठी एक सोपी तपासणी आहे. स्लॉटवार पट्ट्यांची बेरीज आणि ऑपरेटिंग सिस्टीमने सांगितलेली एकूण मेमरी यांची रोज तुलना करायची. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) स्वतःसाठी थोडी राखून ठेवतो, म्हणून किरकोळ फरक राहणारच. तो एका पट्टीएवढा झाला की तक्रार आपोआप नोंदली गेली पाहिजे.

फर्मवेअरची (हार्डवेअरच्या आत बसवलेल्या प्रोग्रामची) आवृत्ती हा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने काही एसएएस एसएसडींबाबत (सर्व्हरमधल्या न फिरणाऱ्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कबाबत) सूचना काढली: जुन्या फर्मवेअरवर या डिस्क ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्या की बंद पडतील आणि त्यांतली माहिती परत मिळणार नाही. मार्च २०२० मध्ये काही दुसऱ्या मॉडेलांसाठी ४०,००० तासांची तशीच सूचना आली. रेडमधल्या (एखादी डिस्क गेली तरी माहिती वाचावी म्हणून केलेल्या गटातल्या) डिस्क एकाच दिवशी सुरू केलेल्या असतात, त्यामुळे अशा दोषात त्या एकामागोमाग एक नव्हे तर जवळजवळ एकत्र जातात आणि रेड काहीच वाचवू शकत नाही. डिस्कचे मॉडेल, फर्मवेअर आणि चालू तास हे तीन रकाने ज्यांच्याकडे होते त्यांना आपल्या कोणत्या डिस्क यात येतात हे एका प्रश्नात कळले असते. बाकीच्यांना प्रत्येक सर्व्हर उघडून पाहणे भाग होते.

प्रोसेसरचे मॉडेलही असेच उपयोगी पडते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष जाहीर झाले, त्यांवरचे उपाय लागू केल्यावर काही प्रकारच्या कामांचा वेग उतरला. हार्डवेअर तेच होते, क्षमता घटली. किती घटली ते प्रोसेसरच्या पिढीवर आणि कामाच्या प्रकारावर अवलंबून होते. कोणती पिढी कुठे आहे याची नोंद नसलेल्या ठिकाणी त्याचा अंदाजही बांधता आला नसता.

आता क्षमतेच्या मोजणीकडे येतो, कारण जोड लागली तरी मोजणी चुकली तर प्रस्ताव चुकतोच. विकत घेतलेली, दिसणारी आणि वापरता येणारी क्षमता या तीन वेगळ्या संख्या असतात.

साठवणीचे उदाहरण घ्या. ४ टीबीच्या १२ डिस्क, बिलावर ४८ टीबी. एक डिस्क राखीव ठेवली, उरलेल्या ११ वर रेड ६ लावले, दोन डिस्कची जागा पॅरिटीत (बिघडलेल्या डिस्कची माहिती परत काढण्यासाठीच्या जादा नोंदीत) गेली. राहिल्या ९, म्हणजे ३६ टीबी. डिस्क बनवणारा टीबी दशमान मोजतो, तर बरीच साधने द्विमान एककात (१००० ऐवजी १०२४ च्या पटीत) दाखवतात, म्हणून पडद्यावर हे ३२.७ दिसते. जागा पूर्ण भरू देणे धोक्याचे असते: फाइल सिस्टीम मंदावते, स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या माहितीच्या प्रती) अडकतात, अचानक आलेल्या भरतीला वाव राहत नाही. म्हणून ८० टक्के ही कामाची मर्यादा धरली तर हाती येतात २६.२. अठ्ठेचाळीस विकत घेतले आणि सव्वीस वापरता येतात. यात कुणी फसवलेले नाही, पण ४८ हा आकडा धरून केलेले नियोजन निम्म्या वाटेतच संपते.

आता वाढ मोजा. सध्या १९ वापरात आहेत आणि दर महिन्याला ०.६ वाढते आहे. उरलेल्या ७.२ ला १२ महिने लागतील. प्रस्तावाला मंजुरी मिळायला २ महिने, माल यायला ३, बसवून तपासून माहिती हलवायला १, असे ६ महिने जाणार असतील तर मागणी आजपासून सहाव्या महिन्यात नोंदवली पाहिजे. त्या दिवशी वापर असेल २२.६, म्हणजे दिसणाऱ्या जागेच्या फक्त ६९ टक्के. आलेख हिरवा असेल. समितीला वाटेल की तंत्रज्ञ घाई करत आहेत. प्रत्यक्षात तो शेवटचा योग्य दिवस असेल. म्हणून प्रस्तावात टक्का नव्हे, तारखा मागा: क्षमता संपण्याची तारीख आणि तिच्यातून पुरवठ्याचा काळ वजा करून आलेली मागणीची तारीख.

पुरवठ्याचा काळही कायम तोच राहत नाही. २०११ मध्ये थायलंडमधल्या महापुराने हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्कची टंचाई होऊन भाव चढले. २०२० नंतरच्या चिप टंचाईत नेटवर्कचे साहित्य महिनोन् महिने मिळत नव्हते. प्रत्येक खरेदीची मागणी नोंदवल्याची, माल आल्याची आणि प्रत्यक्ष वापरात आल्याची तारीख नोंदवहीत ठेवली तर पुढच्या वेळी हा काळ अंदाजाने धरावा लागत नाही.

मेमरीचा हिशेब करताना एक यंत्र पडले तर काय, हा प्रश्न आधी विचारावा. आभासी यंत्रे चालवणारे ४ सर्व्हर, प्रत्येकी ५१२ जीबी, एकूण २०४८. एक बंद पडला तर उरलेल्या तिघांनी भार उचलला पाहिजे. प्रत्येकी ३२ जीबी हायपरव्हायझरसाठी (आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) सोडले तर ३ गुणिले ४८०, म्हणजे १४४० जीबी. आज १५०० जीबी वाटलेली असेल तर आलेख ७३ टक्के दाखवतो, आणि तरीही क्षमता आधीच संपलेली असते. फक्त ते एखादा सर्व्हर पडेल तेव्हा कळते. याच्या उलट चूकही नेहमीची आहे. एकट्या लिनक्स सर्व्हरवर '९५ टक्के मेमरी वापरात' असे दाखवून रॅम मागितली जाते, पण त्यातला मोठा भाग फाइलींचा कॅशे (वेगासाठी तात्पुरती ठेवलेली प्रत) असतो आणि गरज पडली की कर्नल तो सोडून देतो. २०१४ पासून कर्नल 'मेमअव्हेलेबल' (खरोखर उपलब्ध मेमरी) ही ओळ देतो. प्रस्तावात तोच आकडा हवा.

प्रोसेसरचे रांगेचे गणित तर फारच सरळ आहे. एकच सेवा-खिडकी आणि अनियमित येणारी कामे धरली तर एका कामाला लागणारा एकूण वेळ ५० टक्के वापराला मूळच्या दुप्पट होतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. कोर जास्त असले की हे वळण उशिरा येते, पण आले की अधिक तीव्र असते. हायपरथ्रेडिंगमुळे (एक कोर दोन असल्यासारखा दाखवण्याच्या सोयीमुळे) दुप्पट दिसणारे प्रोसेसर दुप्पट काम करत नाहीत, म्हणून नोंदीत प्रत्यक्ष कोर आणि तार्किक प्रोसेसर वेगळे ठेवावेत. लिनक्सचा लोड ॲव्हरेज (चालू आणि थांबलेल्या कामांची सरासरी संख्या) वाढला म्हणजे प्रोसेसर कमी पडतो असेही नाही; डिस्कची वाट पाहत अडकलेल्या प्रक्रियाही त्यात मोजल्या जातात. तो आकडा पाहून प्रोसेसर घेतले आणि डिस्क तीच ठेवली तर पैसे जातात आणि तक्रार राहते.

सरासरीवर तर आम्ही पाणीच सोडावे असे सांगू. महिन्याची सरासरी २२ टक्के असलेला सर्व्हर रोज दोन तास ९५ टक्क्यांवर असू शकतो. ९५वे शतमक (९५ टक्के नोंदी ज्याच्या खाली येतात ते मूल्य) वापरणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावे: महिन्याचे ७२० तास, त्यांचे ५ टक्के ३६ तास. म्हणजे महिन्यातले सर्वांत वाईट ३६ तास ही पद्धत बाजूला ठेवते. ज्यांचे काम महिनाअखेरीस एका दिवसात तुंबते त्यांचा नेमका तोच दिवस गायब होतो. जुन्या नोंदी आकसून ठेवणारी साधने तासाची, मग दिवसाची सरासरी काढतात आणि गेल्या वर्षीची शिखरे हळूहळू सपाट होतात. सरासरीसोबत कमाल मूल्यही साठवायला सांगितले तरच ती टिकतात. प्रोमेथियस या देखरेख साधनात मूळ सेटिंगप्रमाणे नोंदी फक्त १५ दिवस राहतात. वार्षिक चढउतार पाहायचा तर हा काळ वाढवणे किंवा नोंदी दुसरीकडे साठवणे आधी करावे लागते. ते केले नसेल तर 'मागील वर्षाच्या तुलनेत' हे शब्द प्रस्तावात कुठून आले ते विचारा.

नेटवर्कच्या आलेखात एक चूक आजही सापडते. स्विचचे ३२ बिटी गणक (गेलेली-आलेली माहिती मोजणारे आकडे) १ गिगाबिटच्या भरलेल्या जोडणीवर सुमारे ३४ सेकंदांत पूर्ण फिरून पुन्हा शून्यावर येतात. दर ५ मिनिटांनी वाचन केले तर मधल्या वेळात ते आठेक वेळा फिरलेले असतात आणि आलेखात तुडुंब जोडणी निवांत दिसते. 'आयएफएचसी' ने सुरू होणारे ६४ बिटी गणक वाचले की प्रश्न मिटतो. पोर्टच्या नोंदीत एसएफपी मॉड्यूलही (पोर्टमध्ये बसवून केबल जोडायचे सुटे भाग) असायला हवेत. मोकळे पोर्ट आहेत म्हणून स्विच घेतला नाही आणि नंतर मॉड्यूलच नाहीत, किंवा ते पोर्ट उघडणारा परवाना नाही, असे निघाले तर काम तिथेच थांबते.

विजेबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. दोन फीड (वेगवेगळ्या वीजवाहिन्या) असलेल्या रॅकमध्ये प्रत्येक फीडवर ६० टक्के भार असेल तर दोन्ही आकडे सुरक्षित वाटतात. एक फीड गेली की दुसरीवर १२० टक्के येतात, तीही ट्रिप होते आणि रॅक काळोखात जातो. दोन फीडची बेरीज एका फीडच्या सुरक्षित मर्यादेत बसली पाहिजे. ८०० वॉटचे दोन पॉवर सप्लाय म्हणजे १६०० वॉट नव्हेत. एक गेला तरी चालावे म्हणूनच दुसरा असतो. रॅकमध्ये १० यू (रॅकमधल्या उंचीचे माप) मोकळे आहेत एवढ्यावर नवे सर्व्हर मागणाऱ्या प्रस्तावाला वीज आणि थंडाव्याचा आकडा विचारा, आणि तो पाटीवरचा नव्हे, पीडीयूवर (रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीवर) मोजलेला असू द्या.

झिजणाऱ्या भागांसाठी वेगळा हिशेब लागतो. एनव्हीएमई एसएसडी (वेगवान जोडणीची एसएसडी) स्वतःच 'पर्सेंटेज यूज्ड', म्हणजे किती टक्के झिजली, ते सांगते. १.९२ टीबीची, दिवसाला एक पूर्ण लेखन ५ वर्षे सोसण्याचे मानांकन असलेली डिस्क सुमारे ३,५०० टीबी लेखन झेलते. दरमहा किती लिहिले जाते ते पाहिले की बदलण्याची तारीख निघते. फिरत्या डिस्कसाठी बॅकब्लेझ ही साठवण सेवा देणारी कंपनी २०१३ पासूनची आपली आकडेवारी उघडपणे देत आहे आणि वार्षिक बिघाडाचे प्रमाण साधारण १ ते २ टक्क्यांच्या आसपास दिसते. ४०० डिस्क असतील तर दीड टक्क्याने वर्षाला सहा जातील, पण त्या दोन-दोन महिन्यांनी एक अशा शिस्तीने जात नाहीत. १६ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबी या पूर्ण वेगाने पुन्हा भरायलाही २२ तासांवर लागतात, आणि चालू कामाच्या भारात त्याहून बरेच जास्त. सुटी डिस्क कपाटात नसेल तर त्यात पुरवठ्याचे दिवस मिळवा.

टेबलावरच्या संगणकांचेही एक सांगायला हवे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) लागते. यादीत 'टीपीएम नाही' असे आले म्हणून यंत्र बाद ठरवू नका. पुष्कळ यंत्रांत ते प्रोसेसरसोबतच असते, फक्त बायॉसमध्ये बंद ठेवलेले असते. आधी ते चालू करून पुन्हा तपासणी घ्यावी, प्रोसेसरची पिढी मान्य यादीत आहे का पाहावे, आणि मगच बदलायच्या संगणकांची संख्या समितीकडे आणावी.

आता तुमच्याकडून काय हवे ते. प्रत्येक प्रस्तावासोबत चार गोष्टी सक्तीच्या करा: ज्यांची क्षमता वाढवायची त्या यंत्रांचे सिरियल नंबर आणि स्लॉटवार स्थिती, बारा महिन्यांचा वापर (सरासरी आणि कमाल दोन्ही), एक यंत्र किंवा एक डिस्क पडल्यावर उरणारी क्षमता, आणि मागणीची शेवटची तारीख, गणितासह. पाचवी गोष्ट आम्ही जोडू: बंद, राखीव किंवा रिकाम्या चालणाऱ्या यंत्रांतून ही गरज का भागत नाही, याचे दोन ओळींचे उत्तर. तीन महिन्यांत ज्याचा प्रोसेसर आणि नेटवर्क जवळजवळ हललेच नाही अशा यंत्रांची यादी दर तिमाहीला आमच्याकडून मागा. ती यंत्रे लगेच बंद करू नयेत, कारण वर्षातून एकदाच लागणारे कामही त्यांच्यावर असू शकते. मालक विभागाकडून लेखी उत्तर घ्यावे.

साधनावर वाद घालण्यात वेळ जाऊ नये. नोंदवहीसाठी नेटबॉक्स, जीएलपीआय, स्नाइप-आयटी यांपैकी काहीही चालेल, वापर पाहायला झॅबिक्स किंवा प्रोमेथियस चालेल. दोन्हींत सिरियल नंबर एकाच पद्धतीने लिहिला जातो का, हे साधनाच्या नावापेक्षा महत्त्वाचे आहे: मोठी अक्षरे, मागेपुढे मोकळी जागा नाही, भरतीचा मजकूर आला तर नोंद नाकारायची. वर्षातून दोनदा दहातल्या एका रॅकची बारकोड वाचून प्रत्यक्ष मोजणी करावी. शंभरात दोनहून जास्त विसंगती निघाल्या तर सगळे रॅक मोजावेत.

पहिली जुळवाजुळव सर्वांत जड जाईल. त्यासाठी खरेदीची बिले, बीएमसीची यादी, स्विचच्या मॅक तक्त्यांतले पत्ते आणि प्रत्यक्ष मोजणी असे चार स्रोत समोरासमोर ठेवावे लागतात, आणि कोणत्याही एकाच यादीत असलेल्या प्रत्येक यंत्राचा माग काढावा लागतो. त्या काळात नव्या खरेदीला स्थगिती नको, तातडीची कामे अडतील. फक्त त्या काळात आलेला माल रॅकमध्ये जाण्याआधी नव्या पद्धतीने नोंदला जावा. लेखा विभागातला एक आणि आमच्यातला एक असे दोघे या कामाला पूर्ण वेळ द्या. बिलाची ओळ लेखा विभागालाच वाचता येते आणि स्लॉटची आम्हाला. बीएमसीचे नेटवर्क वापरकर्त्यांच्या नेटवर्कपासून वेगळे नसेल आणि कारखान्यातले पासवर्ड बदललेले नसतील तर ते काम सगळ्यांत आधी करावे लागेल, कारण तपासणीसाठी उघडलेल्या त्याच दारातून कुणालाही सर्व्हर बंद करता येतो. त्यासाठी लागणारा वेगळा स्विच आणि केबल यांची मागणी आम्ही स्वतंत्र प्रस्तावात देऊ, वर सांगितलेल्या पाचही उत्तरांसह.

आपले,
सर्व्हर, साठवण आणि नेटवर्क सांभाळणारे तंत्रज्ञ